अकरावी मूठ

आम्ही दोघी बहिणी कोळंबीच्या खाद्यासाठी समुद्री गांडुळं वाढवायच्या कामावर. वाळूच्या प्रत्येक टाकीत दहाच मुठी पिल्लं सोडायची, असा मालकांचा नियम. धाकटी मात्र हळूच अकरावी मूठ सोडायची, सापडली की मालकांच्या शिव्या खायची. म्हणायची, "एकटं वाटेल गं ताई त्यांना."

"गांडुळं आहेत ती, तुझ्या मैत्रिणी नाहीत!" मी खेकसायचे. गर्दी झाली की घाण साठते, वाळू काळी पडते, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि गांडुळं दोऱ्याएवढीच राहतात. पण तिला कोण समजावणार? रात्रीसुद्धा एकाच अंथरुणात माझं कोपर बरगडीत रुतल्याशिवाय बाईसाहेबांना झोप यायची नाही.

दोन महिन्यांपूर्वी ती नोकरीसाठी दूर गेली. आता खोली माझ्या एकटीची. तरी मी भिंतीला चिकटूनच झोपते.

आज सात नंबरची टाकी उपसली. काळीकुट्ट वाळू, दोऱ्यासारखी गांडुळं, वासाने डोकं उठलं. मालक ओरडले, "धाकटी तर गेली ना? मग ही जादा मूठ टाकली कोणी?"

मी मान खाली घालून वाळू उपसत राहिले. ती टाकी मीच भरली होती, तिला गाडीत बसवून आल्यावर.