पायावरचे गोल

लीनाच्या पोटऱ्यांवर ठिपके दिसले तेव्हा मला वाटलं, डास चावले असतील. जांभळे, मसुराएवढे, जरा उठून आलेले. नीट बघायला वाकलो तर तिनं साडी घोट्यापर्यंत ओढली. "नवऱ्यानं पायाला हात लावलेला चालत नाही. पाप लागतं मला."

बालीगंजातल्या आमच्या बंगाली डॉक्टर मोइत्रबाईंनी ठिपक्यावर काचपट्टी दाबली. रंग फिका झाला नाही. मग त्यांनी त्वचेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर हिंदीत समजावलं : न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एरवी जंतूंशी लढतात, इथे त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच तुटून पडल्यात. भिंती फाटतात, रक्त कातडीखाली झिरपतं. त्यांना चिथावणारं बहुधा एखादं औषध असतं.

मी दिलेल्या यादीतली युरिक ॲसिडची नवी गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. "रोज सकाळी नव्या डागाभोवती पेनानं गोल काढा. आठवड्यात थांबायला हवेत. नाही थांबले तर किडनीची भीती आहे."

लीनाच्या औषधांची सात खणांची डबी दर रविवारी मीच भरतो. घरी येऊन ती पांढरी गोळी प्रत्येक खणातून वेचली आणि पाकिटासकट केरात टाकली. गोल मात्र लीना स्वतःच काढायची. मला फक्त आकडा सांगायची. सात. पाच. पुन्हा सात.

पांढऱ्या पेशींवरचं एक जाडजूड पुस्तक आणून वाचलं. निम्मं कळलं असेल. पण एवढं कळलं, की चिथावणारं काही पोटात जात असल्याशिवाय हे चालू राहणं कठीण. म्हणजे लीना चोरून काहीतरी घेत होती. महाराष्ट्र मंडळातली नूपुर दर बुधवारी यायची. तिच्या पर्समध्ये होमिओपॅथीच्या बाटल्या असतात. मी आल्यावर दोघींचं बोलणं थांबायचं. निदान मला तसं वाटायचं.

लीना अंघोळीला गेली तेव्हा मी तिचा स्टीलचा डबा उघडला. कागदात गुंडाळलेल्या संदेश मिठाईच्या दोन वड्या निघाल्या.

"काय शोधताय?"

ती दारात उभी होती.

"चष्मा."

"नाकावर आहे."

मी डब्याचं झाकण लावलं.

"मी चोरून गोळ्या खाते असं वाटतंय ना? मग बसा पहाऱ्यावर!"

मी खरंच बसलो. ती जेवायला बसली की समोर, नूपुर आली की मधल्या खुर्चीवर. शनिवारी लघवीच्या तपासणीत रक्ताचा अंश आला.

रविवारी डबी भरताना पुण्याचं गुलाबी गोळ्यांचं पाकीट हातात आलं. महिन्यापूर्वी लग्नाला गेलो होतो, तिथल्या डॉक्टरनं लीनाच्या अंगठ्याच्या दुखण्यावर दिलेलं. परत आल्यावर इथल्या डॉक्टरनं त्याच दुखण्यावर पांढरी दिली. दोन्ही द्यायच्या का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. अडाणी दिसू म्हणून विचारलं नाही. दोन्ही भरत गेलो. मोइत्रबाईंना यादी दिली तीही इथल्याच चिठ्ठीवरून. भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचली. औषध तेच होतं. कंपनी वेगळी, रंग वेगळा.

चारशे पानांचं पुस्तक वाचलं होतं. हे वाचलं नव्हतं.

"लीना," मी म्हणालो, "ती गोळी तुला मीच देत होतो."

तिनं पाकीट पाहिलं, मग मला. "आणि डबे माझे उचकत होतात."

मोइत्रबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी गुलाबी गोळी तत्काळ बंद करायला सांगितली, गुरुवारी पुन्हा तपासणी.

सोमवारी सकाळी लीनानं साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पाय माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. पेन पुढे केलं.

"अगं, पाप..."

"माझं मी बघते. तुम्ही नीट मोजा."

मी खाली बसलो. तीन गोल काढले. चौथा डाग कालचा की आजचा, मला ठरवता येईना.

"हा होता का गं काल?" मी विचारलं.