पहिली हळद

"घरात संडास आहे का?" मॅडमनी मोबाईलवरची नजर न काढता विचारलं, तेव्हा वनमाला चहाचे कप घेऊन नुकतीच बैठकीत आली होती.

"हाय ना. दोन हायेत," पुंडलिकराव म्हणाले.

इंद्रजीत खाकरला. "बाबा, एकच सांगा. दुसऱ्यात ढोरायच्या ढेपीची पोती ठेवली हायेत."

जात मागास आहे की नाही, हे ठरवणारा सरकारी सर्वे होता. अर्पिता मॅडम गावच्याच शाळेत शिकवायच्या. सध्या पोरांना वाऱ्यावर सोडून मोबाईल घेऊन दारोदार फिरत होत्या. जात मागास ठरली तर आरक्षण मिळणार होतं आणि इंद्रजीतचा मुलगा यंदा बारावीला होता. म्हणून इंद्रजीत बापाशेजारी खुर्ची ओढून पहाऱ्याला बसला होता. पहारा हवाच होता. आयुष्यभर जे मिरवलं ते आज एकेक करून झाकायचं, हे पुंडलिकरावांना जमत नव्हतं. ट्रॅक्टर त्यांनी कबूल करून टाकला. फ्रिज तेवढा इंद्रजीतनं वाचवला.

वनमाला त्यांची थोरली सून. नवरा गेला तेव्हा मोनाली पाळण्यात होती. त्याच मोनालीचं लग्न आता पुढच्या आठवड्यात होतं, आणि तिला पहिली हळद कोणी लावायची हे घरात अजून कोणी उघड बोललं नव्हतं. पहिली हळद आई लावते. आई विधवा असली तर काकू लावते, अशी रीत. वनमालानं सासऱ्यांना एकदा विचारलं होतं, तर ते "पाहू" म्हणाले होते. त्या "पाहू"चा अर्थ तिला ठाऊक होता. तरी तिनं आशा सोडली नव्हती, कारण विधवा प्रथा बंद करायचा ठराव ग्रामसभेत याच माणसानं मांडला होता. त्या संध्याकाळी मोनालीनं आईच्या कपाळावर बळेच मरून रंगाची टिकली लावली. पुंडलिकरावांनी ती पाहिली आणि चालवून घेतली. पुढे पाहुण्यारावळ्यांत त्याचं कौतुक मात्र स्वतःच सांगत राहिले.

"तुमच्या समाजात विधवा बायका कुंकू लावतात का? मंगलकार्यात त्यांना मान असतो का?" मॅडमनी वाचलं, आणि मग नाइलाजानं दाराशी उभ्या वनमालाकडे पाहिलं.

पुंडलिकराव सरसावून बसले. इतक्या वेळानं त्यांना मोठेपणा सांगायची जागा सापडली होती.

"आमच्यात तसा भेदभाव नाही, मॅडम. ही आमची सून, पाहून घ्या, टिकली लावते. पोरीले पहिली हळदबी हीच लावन."

वनमालाला वाटलं आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. तिनं रिकामा ट्रे छातीशी धरला. परक्या बाईसमोर बोललेला शब्द हा माणूस मागे घेत नाही, हे तिला माहीत होतं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा," इंद्रजीत हळूच म्हणाला, "इतके सुधारलेले हाओत, तं मागास कायचे?"

पुंडलिकरावांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारून सावकाश प्याले. बशी खाली ठेवली.

"मॅडम, ते बदलता येते काय?"

"अजून सेव्ह नाही केलं."

"मंग नाही लिहा. दोन्हीले."

मॅडमनी लिहिलं. पुंडलिकरावांनी काचेवर बोटानं सही केली.

मॅडम गेल्यावर वनमाला कप उचलू लागली. सासरे तिच्याकडे न पाहता म्हणाले, "सर्वेपुरतं होतं ते. मनावर नको घेऊ."

"नाही घेत, मामाजी. म्हणजे हळद मीच लावू ना?"

उत्तर इंद्रजीतनं दिलं. "वहिनी, राग नका मानू. लग्नाचे फोटो व्हाट्सअपवर गावोगाव फिरतात. उद्या चौकशीले कोणी आलं, अन् फोटोत तुमी हळद लावून राह्यल्या दिसल्या, तं बाबा खोटे पडतीन. साऱ्या समाजाचा सवाल हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "सर्वेचा निकाल लागेपर्यंत टिकलीबी नका लावू."

वनमालानं सासऱ्यांकडे पाहिलं. ते अंगणातल्या तुरीच्या ढिगाकडे पाहत होते.

"पोरगा बारावीले हाय," ते म्हणाले.

तिला संताप आला. नुसती रीत म्हणून नको म्हटलं असतं तर तिनं सोसलं असतं; इतकी वर्षं तेच केलं होतं. इथे तर खोटं बोलून झाल्यावर ते खरं करायला तिचंच कपाळ मागत होते. तिनं मोरीत जाऊन कप विसळले आणि टिकली काढून भिंतीवरच्या आरशाला चिकटवली.

हळदीच्या दिवशी मांडव बायकांनी भरला. पहिली हळद इंद्रजीतच्या बायकोनं, दिपालीनं लावली. मोनाली मान वळवून वळवून दाराकडे पाहत होती, आणि बाया तिची हनुवटी धरून पुन्हा समोर करत होत्या. वनमाला मागच्या खोलीत होती. हळद तिनंच भिजवली होती. भिजवायला तिचा हात चालत होता.

मागच्या दारानं अर्पिता मॅडम आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, तुमच्या घरची माहिती वर गेलीच नाही. नेटवर्क नव्हतं. पुन्हा भरावी लागेल, आज शेवटचा दिवस आहे. पुंडलिकरावांना बोलावता?"

"ते मांडवात हायेत. मी सांगितलं तं चालते काय?"

"घरातलं कोणीही मोठं माणूस चालतं."

वनमालानं स्टूल पुढे सरकवलं. संडास दोन, ती म्हणाली. एकात ढेप हाय, पन हायेत दोन. ट्रॅक्टर हाय. फ्रिज हाय. मॅडम भरत गेल्या. मग त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वनमालाच्या कपाळाकडे पाहिलं. टिकलीच्या जागी गोल फिकट डाग होता.

"हा प्रश्न..." मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाकी सगळं खरं सांगितलंत. इथेही हो लिहू का? टिकली लावत होतात तुम्ही. मी पाहिली आहे."

मांडवात बायकांनी नवं गाणं धरलं होतं. वनमालानं पिवळी बोटं पदराला पुसली.

"नाहीच लिहा, मॅडम. तवा ते खोटं होतं. आता खरं हाय. पुढचं विचारा."