डावीकडचा उतार

मित्रांनो, मयूर विहारमधल्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कूलरच्या मागे एक लांबट लाल फळी उभी आहे. दिल्लीच्या धुळीनं ती आता विटकरी दिसते. ती फळी म्हणजे मी, बर्फावरून घसरायची एक जुनी स्की. आम्ही दोघी असतो, एकेका पायाला एकेक. माझी जोडीदारीण आता नाही. एकट्या स्कीचा कुणाला काय उपयोग? नवी कामवाली तर कपडे वाळत घालता घालता विचारते, "भाभी, ये क्या चीज है?" भाभी तिला पुढचं काम सांगतात.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका कारखान्यात झाला. पोटात हलकं लाकूड, कडांना पोलादी पट्टी आणि अंगावर असा लालभडक रंग की बघत राहावं. एका वकिलातीतल्या साहेबानं आम्हाला दिल्लीत आणलं. त्याची बदली झाली तेव्हा त्याचं सगळं सामान विकायला निघालं, आणि तिथून दिलीपनं आम्हा दोघींना उचललं. दिलीप मूळचा साताऱ्याचा, केंद्र सरकारच्या नोकरीत. घरी आल्यावर त्याची बायको कुमुदिनी म्हणाली, "फ्रिज होता ना तिथं? तो सोडून या फळ्या आणल्यास?"

पण खरं सांगते, ते दिवस फार सुखाचे होते. दर जानेवारीत दिलीप, गुडगावच्या आयटी कंपनीतला साकेत आणि आणखी दोघं-तिघं मराठी मित्र गाडीच्या टपावर आम्हाला बांधून हिमालयातल्या एका मोठ्या रिसॉर्टला जायचे. नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. निघायच्या आधी दिलीप मला हॉलमध्ये दोन स्टुलांवर आडवी करून, जुन्या इस्त्रीनं पोटाला मेण लावायचा. कुमुदिनी कुरकुरायची, "सगळ्या घराला मेणबत्तीचा वास." मी मात्र ऐटीत पडून असायची.

त्याच दिवशी सगळे घरी जमायचे. कुमुदिनी साबुदाण्याची खिचडी करायची आणि खाता खाता रिसॉर्टची चर्चा व्हायची. आता यांची एक गंमत ऐका. घरात, बायकांसमोर, फक्त चांगलं बोलायचं. बर्फ कसा रव्यासारखा मोकळा, उतार कसा लांबच्या लांब, तिकीट परदेशाच्या मानानं किती स्वस्त, वरच्या हॉटेलातला राजमा कसा फर्स्ट क्लास. मग कुणीतरी म्हणायचं, "चलो, चहा मारून येऊ." घरात चहा तयार असला तरी पुरुष मंडळी खाली जायची, सोसायटीच्या गेटाबाहेरच्या टपरीवर. गाडीच्या टपावर बांधायला मलाही खाली नेलेलं असायचं, म्हणून मला ठाऊक. वाईट ते सगळं तिथं निघायचं. वीज गेली की माणसांना वर नेणारा तारेवरचा पाळणा अधांतरी लटकतो. भाड्याचे बूट ओले असतात. बचावाचे लोक दुपारीच खाली उतरतात. वर फोन लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या टोकाहून डावीकडचा उतार. तिथं खाली खोल नाला आहे, आणि त्याच्या काठाला ना दोर ना झेंडे. धुकं उतरलं की तिकडं फिरकायचंच नाही.

"हे घरी कळलं तर पुढच्या वर्षी रजा मंजूर होणार नाही," असं दिलीप म्हणायचा आणि सगळे हसायचे. घरची रजा म्हणायचा तो. मीही तेव्हा हसत होते. आता ते हसू आठवलं की लाज वाटते.

मग एका वर्षी उत्तरा आली. ती दिल्लीतच मुनिरकात खोली घेऊन राहायची, विद्यापीठात संशोधन करायची. वाशिमची पोर, पण बर्फाचं वेड भारी. स्कीचा सरकारी कोर्स चांगल्या गुणांनी केलेला. पुरुषांच्या टोळीत येणारी ती पहिलीच मुलगी. दिलीपनं स्वतःसाठी नवी जोडी घेतली होती, म्हणून आम्ही दोघी तिच्या वाट्याला आलो. तिनं मला मांडीवर घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काका, ही तर अजून धारदार आहे." इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी तिच्यावर जीव टाकला, दुसरा शब्द नाही.

त्या दिवशीही खिचडी झाली, चांगलं चांगलं बोलून झालं. साकेत तिला म्हणाला, "उत्तरा, वर पोचलीस की डावीकडचा उतार बघ. कुणी जात नाही तिकडं. सगळा ताजा बर्फ तुझा एकटीचा."

कुमुदिनीनं विचारलं, "भीती नाही ना रे काही?"

"बिल्कुल नाही, वहिनी," साकेत म्हणाला.

उत्तरा हसली. "मी दिल्लीच्या धुक्यात स्कूटी चालवते, काकू. मला कसली भीती?"

मग नेहमीप्रमाणे पुरुष मंडळी मला घेऊन टपरीवर गेली. उत्तराही चपला घालायला निघाली होती. कुमुदिनीनं तिचा हात धरला. "तू कुठं त्या पुरुषांत? बैस, आणखी थोडी खिचडी घे." घरात मुलगी आली की ती स्वयंपाकघराजवळ बसते, हे त्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, तसं आपोआप व्हायचं. बिचारी कुमुदिनी मायेनंच म्हणाली. खाली साकेत, दिलीप सगळे नाल्याबद्दल बोलले, बचावाच्या लोकांना नावं ठेवली. तिला सांगायला हवं, हे एकाच्याही मनात आलं नाही. ती आपल्यात आली आहे, म्हणजे तिला आपलं सगळं ठाऊक आहे, असं त्यांनी धरून टाकलं.

रिसॉर्टला दुसऱ्याच दिवशी दुपारी धुकं आलं. वरच्या टोकाला दिलीप आणि साकेत पुढे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सवयीनं उजवीकडे वळले. उत्तरा मागे हातमोजा नीट करत थांबली होती. मान वर केली तर पुढे कुणी नाही. तिनं एकदा हाक मारली. मग डावीकडे बघून म्हणाली, "इकडंच गेले वाटतं. ताजा बर्फ म्हणाले होते." आणि तिनं माझं टोक वळवलं.

बर्फ खरंच सुंदर होता, मित्रांनो. ती गुणगुणत होती. आणि एकदम माझ्याखाली काहीच उरलं नाही. मी काठावरच्या झुडपात अडकून तिच्या पायातून सुटले. ती खाली गेली, माझी जोडीदारीणही तिच्याबरोबर गेली. वर दिलीप हाका मारत फिरत होता ते मला ऐकू येत होतं, पण तो लांब होता. ती दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या लोकांना सापडली. तोवर सगळं संपलं होतं. मला त्यांनीच झुडपातून काढून दिलीपच्या हाती दिलं.

महिन्याभरानं उत्तराची आई प्रभाताई दिल्लीला आल्या. त्या वाशिमला शाळेत शिकवतात. मुनिरकातली खोली रिकामी करून त्या मयूर विहारला आल्या. हॉलमध्ये दिलीप होता, साकेत होता. कुमुदिनी चहा घेऊन आली.  साकेत म्हणाला, "काकू, जागा फार सुंदर आहे. तिला खूप आवडली होती."

"हो, पोचली त्या रात्री खालच्या हॉटेलातून फोन केला होता तिनं," प्रभाताई म्हणाल्या. "चांगलं काय ते सगळं सांगितलं. तुम्ही मला तिथलं वाईट सांगा."

साकेतनं दिलीपकडे पाहिलं. मग दिलीपनं सांगितलं. पाळणा, फोन, दुपारीच उतरणारे लोक, नाला, दोर नसणं, सगळं सांगितलं. कुमुदिनी ट्रे धरून तशीच उभी होती.

"हे तुला आधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनाच होतं."

"मग माझ्या मुलीला का नाही सांगितलंत?" प्रभाताईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

दिलीप म्हणाला, "आम्ही खाली टपरीवर बोललो. ती इथं वर होती."

 "एक हाक मारायची होती," प्रभाताई म्हणाल्या.

कुमुदिनी खाली बसली आणि रडायला लागली. तिला धरायला प्रभाताईच उठल्या.

मला प्रभाताईंनी सोबत नेलं नाही, कुणी भंगारवाल्यालाही दिलं नाही. कुमुदिनीनंच मला इथं कूलरमागे उभं केलं. दिलीप आता जानेवारीत कुठं जात नाही. जोडी फुटलेली स्की म्हणजे सामानाची अडगळ, पण ते दुःख मी कधीच गिळून टाकलं. त्या पोरीचं दुःख मात्र गिळता येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. तुम्ही कुठून फिरून आलात आणि कुणी विचारलं, जागा कशी आहे, तर आधी तिथलं वाईट सांगा, आणि ज्याला तिथं जायचं आहे त्याच्यासमोर सांगा. चांगलं त्याला तिथं गेल्यावर दिसेलच.