दिवेलागणीचं उत्तर

नानाजी वानखडे सरांचा एक नियम त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होता: सर्वेक्षणाला जायचं ते दिवस मावळताना. वेचणीच्या हंगामात बाई दिवसभर कापसात असते. आपल्याला चार प्रश्न विचारायचे म्हणून तिला घरी बसवून तिची रोजी बुडवायची, हे सरांच्या तत्त्वात बसत नसे. म्हणून सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यांची पोरं सायकली मारत महागाव तालुक्यातल्या गावांत पोचायची ती थेट संध्याकाळी, बाया शेतातून परतल्यावर. चांगल्या माणसाचा नियम चांगलाच असणार. त्यावर शंका घ्यावी असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या सर्वेक्षणातून एक नवलाची गोष्ट निघाली. त्या गावांत जन्मून दगावलेली मुलं फारच थोडी होती, आजूबाजूच्या मुलखापेक्षा निम्म्याहून कमी. सरांनी त्याचं श्रेय गावच्या सुइणींना दिलं, त्यावर लेख लिहिले, आणि ते लेख दूरदूर वाचले गेले. पुढे सर निवृत्त झाले, छातीचं ऑपरेशन झालं, जिना चढणं बंद झालं. पण त्या आकड्याचा विषय निघाला की अजून त्यांची पाठ ताठ व्हायची.

आणि आता तर सोन्याला सुगंध यायची वेळ आली होती. समाजविज्ञानाच्या संशोधकांसाठी एक राष्ट्रीय माहिती सेवा उभी करायचं नियोजन दिल्लीत चाललं होतं. देशभर लोकांनी कष्टाने केलेली सर्वेक्षणं कपाटांत वाळवीच्या पोटात जातात. ती एका ठिकाणी आणायची, त्यातली नावं काढायची, आणि उद्या कुठल्याही अभ्यासकाला वापरता येतील अशी जपून ठेवायची, असा तो बेत. पहिल्या खेपेला जी मोजकी जुनी सर्वेक्षणं घ्यायची होती, त्यांत सरांचं नाव आलं. गुरुवारी समितीची बैठक होती आणि सर घरूनच व्हिडिओवर बोलणार होते. त्यासाठी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला. मोबाईलात गळ्यापर्यंतच दिसते, अर्धाच शिवा, असं विमलताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सुचवून पाहिलं. सरांनी ते मनावर घेतलं नाही.

सरांच्या शेवटच्या तुकडीतली अपेक्षा या कामावर कंत्राटी लागली होती. तिच्याकडे दोन कामं होती. एक, ही माहिती कोणी, कधी, कशी गोळा केली ते नीट लिहून काढायचं. दुसरं, तेव्हा सर्वेक्षण झालेल्या घरांपैकी काही घरांत जाऊन विचारायचं, की तुमची उत्तरं नाव काढून देशाच्या साठ्यात ठेवली तर चालेल ना? समितीची अट एवढीच, की महिला कर्मचाऱ्यांनी दिवसाउजेडी जावं आणि सूर्य मावळायच्या आत परतावं. तेव्हा सोमवारी सकाळच्या बसने ती महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीला गेली.

पहिल्याच घरी जोहराबी अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होती. रमजान तोंडावर आला होता. मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान रस्त्यावर होतं, तिथून हातोड्याचा आवाज येत होता. अपेक्षाने सगळं समजावून सांगितलं, तेव्हा जोहराबीने ठेवा की, माझ्या बोलण्याने सरकारचं काही भलं होत असेल तर होऊ द्या, असं सांगून टाकलं आणि तिच्या हातावर शेवईचा एक तुकडा ठेवला. काम झालं होतं. तरी एकदा खात्री करावी म्हणून अपेक्षाने टॅबलेटवरची जुनी उत्तरं वाचून दाखवली. घरात माणसं इतकी, शेती इतकी, लेकरं चार, एकही दगावलं नाही.

जोहराबीचा हात थांबला.

"माहे दोन गेले ना, बेटा," ती म्हणाली. "एक पोरगा, एक पोरगी. पोरगा तं चांगला चालत होता."

अपेक्षाला वाटलं, सर्वेक्षणानंतर गेली असतील. पण तसं नव्हतं, दोन्ही त्याच्या कितीतरी आधी गेली होती. मग तेव्हा का सांगितलं नाही, असं तिने जपून विचारलं. तिला वाटलं भीती असेल, नवरा समोर बसला असेल, नाहीतर विचारणारा पोरगा कोवळा म्हणून लाज वाटली असेल.

"ते पोट्टे मगरिबच्या टायमाले आलते," जोहराबी म्हणाली. "दिवा लावाच्या वक्ताले मेलेल्याचं नाव कोणी घेते का घरात? जित्या लेकराइले लागते ना. तू आता दुपारची आली, म्हणून सांगून राह्यली."

त्यात लपवाछपवी नव्हती की विसरणं नव्हतं. पाऊस आला की वाळवण उचलावं, इतक्या साधेपणाने तिने ते सांगितलं आणि पुन्हा शेवया पसरू लागली.

अपेक्षा तिथून उठली ती पुढच्या घरी गेली, आणि मग त्याच्या पुढच्या. कुणब्याच्या घरी गेली, तांड्यावर बंजाऱ्यांच्या घरी गेली, मशिदीमागच्या गल्लीत गेली. प्रत्येक घरी टॅबलेट म्हणत होता 'एकही नाही', आणि प्रत्येक घरी नाही तरी बऱ्याच घरी दुपारच्या उजेडात बाई गेलेलं लेकरू मोजायला एखादं बोट उघडत होती. कारण विचारलं की देव वेगळा, पण उत्तर एकच. तिन्हीसांजेला लक्ष्मी दारात असते, तेव्हा अभद्र बोलू नये. अपेक्षाला हे काय ठाऊक नव्हतं? तिची आई दिवेलागणीला 'मीठ संपलं' असंसुद्धा म्हणू द्यायची नाही. 'मीठ वाढलं' म्हणायचं. सरांनाही ठाऊक होतं, त्यांच्या पोरांनाही. घरातली रीत घरात ठेवून सगळे सर्वेक्षणाला गेले होते, आणि ज्यांच्या घरी गेले त्यांनी मात्र आपली रीत सोडली नव्हती.

बसमध्ये खिडकीशी बसून ती विचार करत राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. तिला नेमून दिलेलं काम फक्त होकार आणायचं होतं आणि होकार तर सगळ्यांनी दिले होते. ती गप्प राहिली असती तर विचारणारं कोणी नव्हतं. गुरुवारी सर नवा सदरा घालून बसले असते, समितीने मान डोलावली असती, आणि त्या थकल्या छातीला जरा समाधान मिळालं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातला एकुलता एक आकडा हिसकावणारी आपण कोण, असं तिला वाटत होतं. पण जोहराबीचा तो चालणारा पोरगा डोळ्यांपुढून हलेना. उद्या कुठल्याही शहरातला कोणी अभ्यासक हा साठा उघडेल आणि लिहील, की या गावांत मुलं मरत नव्हती. ती लेकरं एकदा मेली होतीच. आता ती जन्मलीच नव्हती असं देशाच्या दप्तरी कायमचं लागणार होतं. तिला स्वतःचा, सरांचा, त्या सायकलवाल्या पोरांचा, सगळ्यांचा राग आला, आणि राग काढायला कोणीच वाईट माणूस सापडेना.

बस वाटेत बंद पडली. समितीची अट मोडली आणि सरांच्या दारात ती पोचली तेव्हा दिवस बुडत होता.

सर पडवीत खुर्ची टाकून तिचीच वाट पाहत होते. काय म्हणाले लोक, होकार आले का, सुइणींची कोणी आठवण काढली का, अशी त्यांनी ती दारात उभी असतानाच सरबत्ती लावली. आत देवघरापाशी विमलताई समईची वात सारखी करत होत्या. होकार सगळे आले, असं अपेक्षाने सांगितलं. सर हसले. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण तिला थांबता आलं नाही.

"पण सर, तो आकडा चुकला आहे," ती म्हणाली. "त्या घरांमध्ये मुलं मेली होती. पुष्कळ..."

"अवं, थांब." आतून विमलताईंचा आवाज आला. त्या काडी पेटवून उभ्या होत्या. "दिवा लावून राह्यली ना मी. मेल्यागेल्याचं आता नको काढू, बाई. सकाळी बोलशीन."

अपेक्षाने सरांकडे पाहिलं. पुढचं काही सांगायची तिला गरज उरली नव्हती. सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ते बघणं तिला फार कठीण गेलं. विमलताईंनी समई लावली, हात जोडले, बाहेर येऊन त्या दोघांकडे बघत राहिल्या.

सरांचा आणखी एक नियम होता: जे दुसऱ्याला विचारायचं ते आधी आपल्या घरी विचारायचं. सर्वेक्षणाचा पहिला फॉर्म त्यांनी स्वतःच्याच घरचा भरला होता. वर्गात ते हे अभिमानाने सांगत.

"विमल," सर म्हणाले, "आपल्या घरचा फॉर्म मी भरला, तवा टाइम काय होता?"

"हाच. तुमी कॉलेजातून आलते."

"मी तो प्रश्न विचारला. तू नाही म्हटलं."

"मंग काय म्हणू? दिवा हातात होता."

"मले वाटलं, तुले त्याच्यावर बोलाचंच नाही," सर म्हणाले. "मी तसंच लिहून टाकलं. पुन्हा कधी विचारलं नाही."

अपेक्षाला हळूहळू उमगलं, की या घरातही एक मूल गेलं आहे. इतकी वर्षं ती या घरी चहा प्यायला येत होती, आणि भिंतीवर फोटो नाही, बोलण्यात उल्लेख नाही. सर खुर्चीचा हात चोळू लागले. मग म्हणाले, की गुरुवारी ते समितीला सांगतील. सर्वेक्षण घ्यायचं तर या चुकीसकट घ्या, आणि तुमच्या त्या नियोजनात प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या वेळी विचारलं ते लिहायची जागा ठेवा. ते जमत नसेल तर माझं सर्वेक्षण पहिल्या खेपेतून काढून टाका. एवढं बोलून त्यांना धाप लागली.

"उद्या सकाळी ये," विमलताई अपेक्षाला म्हणाल्या. "मी सांगीन."

मंगळवारी अपेक्षा गेली तेव्हा ऊन पडवीच्या मधोमध आलं होतं. विमलताई अंग धुऊन, धुवट लुगडं नेसून बसल्या होत्या, पाहुणे यायचे असावेत तशा. आत गॅसवर चहा ठेवलेला होता. अपेक्षाने टॅबलेट उघडला आणि ज्या शब्दांत सरांनी तेव्हा विचारलं असेल त्याच शब्दांत विचारलं.

"एक," विमलताई म्हणाल्या. "पोरगी. बबिता."

नाव लिहायला तिथे जागा नव्हती, पण अपेक्षाने त्यांना तसं सांगितलं नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला: गेली तेव्हा वय किती होतं?

"पाच महिने."

"चार," सर म्हणाले. "पुरे झालेले महिने मोजाचे असते. भादव्यात तान्ह्या पोळ्याची तिची पैदाइश, आणि संक्रांतीनंतर आठ दिवसांनी..."

"चार कसे? तिले बोरन्हाण घातलं, तवा ती बसली होती. चार महिन्याचं लेकरू बसते का?"

"मागून उशी लावली होती, विमल."

"उशी मंग लावली. आधी बसली होती. तुमी कुठं पाह्यलं? तुमी बोरं वेचून राह्यलते पोट्ट्याइसंगं."

सर मग बोरं कोणी आणली होती ते सांगू लागले. चाळीस वर्षांत त्या मुलीवरून नवरा-बायकोचं हे पहिलंच भांडण होतं. टॅबलेटचा उजेड मंद झाला. अपेक्षाने बोट लावून तो जागा केला आणि काही न लिहिता तशीच बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. आत चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला, तेव्हा शेवटी तीच उठली. त्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता.