पहिली ओळ लांबची

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना म्हणजे २०१२ सालचा. माणसाचं पोर सहाव्या वर्षी पहिलीत जातं, आमच्यात मात्र तेवढ्यात म्हातारपण येतं. माझं नाव ‘नवीन दोन’. घाईत ठेवलेलं नाव तसंच राहिलं, त्यामुळे म्हातारा झालो तरी मी नवीनच.

माझा जन्म गोंदियात, एका तांदळाच्या गिरणीमागच्या इमारतीत झाला. तिथे दुसऱ्या मजल्यावर मोबाइलचे गेम बनत. मोनाली आमगावहून रोज गाडीने तिथे कामाला येई. गेममधली जमीन किंवा आभाळ हे एकसंध चित्र नसतं. एकाच मापाची छोटी चौकोनी चित्रं, म्हणजे टाइल, ओळीने लावून ते तयार होतं, घरात फरशी बसवतात तसं. मोनाली एकेक टाइल हाताने बसवायची. सारस पक्ष्याच्या गेमसाठी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मांडता मांडता तिचा हात इतका भरून आला, की जेवताना घास उचलेना. त्याच आठवड्यात तिने मला लिहिलं.

कोणत्या ओळीत कोणती टाइल, एवढी यादी माझ्या हाती दिली की झालं. चार दिवसांचं काम मी चहा थंड व्हायच्या आत उरकत असे. आधी मागची ओळ, मग पुढची ओळ तिच्या कडेवर जरा चढवून, अशी भिडवायचो की सांधा शोधून सापडू नये. खोटा नम्रपणा मला जमत नाही. मी कामाला वाघ होतो. आमचे मालक हिमांशू सर आल्यागेल्या पाहुण्याला मला चालवून दाखवत.

तीन वर्षं अशी मजेत गेली, आणि मोनालीला नागपूरला नोकरी लागली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की मला चालवणं तिच्याशिवाय कोणालाच येत नाही.

“तू चालली गेली तर याला कोण चालवेल?” हिमांशू सर म्हणाले. “डिलीट करून टाकू. मार्केटमधून दुसरा घेऊ.”

मोनालीचा चेहरा उतरला. “आठ दिवस द्या सर. सगळं लिहून ठेवीन.”

सर कबूल झाले, पण एका अटीवर. नुकतीच कामाला लागलेली आचल ती पानं वाचून एक देखावा उभा करेल. मोनालीने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. जमलं तर मी राहणार, नाही तर गेलो.

मोनालीने चौदा पानं लिहिली. कोणतं बटण कशासाठी, चित्रं कुठे ठेवायची, मी अडलो तर काय करायचं, काही म्हणून सोडलं नाही. स्वतःबद्दल इतकं लिहिलेलं पाहून मी तर फुगूनच गेलो.

परीक्षेच्या दिवशी आचलने पानं नीट वाचली आणि यादी भरली. पहिल्या ओळीत बोडी, म्हणजे गावाचं लहानसं तळं. मग बांध्या, मग डोंगर, शेवटी आभाळ. मी सांगितलं ते केलं. पाहतो तर काय, आभाळ पायाखाली आणि बोडी डोक्यावर! सारस बिचारा ढगांत उभा. हिमांशू सर पोट धरून हसले, आणि मला पुसायला त्यांनी माउसवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं.

मोनालीला राहवलं नाही. “काऊन उलटं भरून राहिली तू? पहिली ओळ लांबची राहते ना.”

आचल शांतपणे म्हणाली, “दीदी, ये लिखा किधर है? मला तर समोरची ओळच पहिली वाटली.”

मोनालीने चौदाही पानं उलटली. पुन्हा उलटली. कुठेच नव्हतं. “ते कायले लिहायचं? मांगं मांगंच तं येतात.”

“कोण येतं?”

मोनालीच्या डोळ्यांपुढे रोवणी होती. धानाची रोपं लावतात ती रोवणी. रोवणारे लांबच्या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, सुरुवात करतात आणि मागं मागं सरकत येतात, म्हणजे लावलेलं रोप पायाखाली येत नाही. मोनालीने मलाही तसंच चालायला शिकवलं होतं. चालायची दुसरी काही तऱ्हा असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आचल गोंदियातल्या कापड दुकानदाराची मुलगी. तिला हे कुठून ठाऊक असणार? आणि मोनालीने रोवणीचं नाव या कचेरीत कधी काढलं नव्हतं.

“रोवणारे,” ती म्हणाली. “माही माय रोवणी करे. दुसऱ्याच्या बांधीत. बारावीपर्यंत मीबी केली.”

हे सांगताना तिची मान खाली गेली नाही. मित्रांनो, मला तेव्हा तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःचाही कधी वाटला नाही.

“दहा मिनिटं देता, सर?”

सरांनी माउसवरचा हात काढला. “लिही.”

तिने एक नवं पान लिहून सगळ्यांच्या वर लावलं. ‘हा प्रोग्राम रोवणीसारखा मागं मागं येतो. म्हणून पहिली ओळ सगळ्यांत लांबची.’ आचलने यादी पुन्हा भरली. आभाळ वर गेलं, बोडी खाली आली, सारस बांधीत उतरला.

“राहू दे याला,” सर म्हणाले.

पुढे ती पानं वाचून चार जण मला चालवायला शिकले. आता माझ्याहून चपळ प्रोग्राम आलेत. मला महिनोन्महिने कोणी उघडत नाही, आणि वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? मात्र नव्या माणसाला आचल अजूनही आधी ते पहिलं पान वाचायला देते.

म्हणून एक विनंती. जे तुम्हाला इतकं ठाऊक आहे की सांगावंसंही वाटत नाही, ते आधी लिहा. आणि ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव घाला. मोनालीने जाण्यापूर्वी त्या पानाच्या तळाशी दोन ओळी लिहिल्या. ‘बनवणारी : मोनाली. चालायची रीत : सुमनबाई, तिची माय.’ मला उद्या पुसून टाकलं तरी चालेल. ते पान तेवढं जपा.