चार नंबरचा खुलासा

पंच्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या आरोग्य केंद्रात क्षयाच्या रोग्यांची कार्डं मी भरायचो. गोळ्या नेमाने न घेणाऱ्याच्या नावापुढे कारणाचा आकडा लिहायचा: एक म्हणजे नकार, दोन विसर, तीन गाव सोडलं, चार इतर. लागोपाठ दोनदा ‘एक’ पडला की कार्ड बंद आणि गोळ्याही बंद.

सखूच्या कार्डावर मागच्या महिन्यात मीच ‘एक’ ठोकला होता. बाई वेळेवर येऊन गोळ्या न्यायची, पण वजन तसूभर वाढत नव्हतं. गोळ्या फेकून देतेस, असं म्हणत मी तिला चार बायकांसमोर झापलं होतं. माझा स्वभावच असा. आधी बोलून बसतो आणि मग दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

या खेपेला ‘एक’ लिहायला पेन उघडलं आणि सहज विचारलं, “लघवी लाल होते ना गं?” त्या गोळीने ती व्हायचीच.

“व्हते की. येक दीस आड.”

“एक दिवस आड? गोळी तर रोजची आहे!”

सखूने मान खाली घातली. “मानूस तकडं मुंबयला खोकून बेजार झालाय, भाऊ. डागदराकडं गेला तर कामावरनं काडतील. म्हनून निम्म्या गोल्या केरूभावजींसंगं धाडते, कुलथाच्या पिठात घालून. मी येकलीच बरी व्हऊन काय करू?”

मुंबईला परतणाऱ्याच्या हाती आमच्याकडे कोण काय धाडत नाही! पण गोळ्या?

“अगं वेडे, निम्म्या गोळ्यांनी तूही मरशील आणि तोही!” मी ओरडलो खरा, पण उघडलेलं पेन खाली ठेवलं. महिनाभर माझं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललं होतं.

कार्डावर ‘चार’ लिहिला आणि तिच्या नवऱ्याला, रामाला, पत्र धाडलं. शिमग्याला तो आला. पालखी नाचवायला जाण्याआधी त्याची थुंकी तपासली. क्षयच निघाला. काम गेलं तर गेलं, म्हणत तो गावीच राहिला. त्याच्या गोळ्यांची मागणी जिल्ह्याला गेली. तोवर सखूने पुन्हा वाटणी करू नये म्हणून मी तिला रोज माझ्यासमोर गोळी गिळायला लावायचो.

जिल्ह्याहून उलट कागद आला: सखूच्या कार्डावर ‘चार’ का? खुलासा करावा.

मी लिहिलं, “रुग्ण दोन, गोळ्या एकाच्या.”

त्याला उत्तर आलं नाही, गोळ्या आल्या. त्या दिवशी माझ्या टेबलासमोर नवरा-बायकोने एकदमच पाण्याचा घोट घेतला.