सासूची वाक्यं सुनेच्या तोंडी

मित्रांनो, गोव्यात पेडण्याजवळच्या कोरगावातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी, विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली जो ठोकळा दिसतो ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. रुमाल पाहून पाहुणे मला बिघडलेला टीव्ही समजतात. मी मनावर घेत नाही. ह्या वयात रागावलो तर तापतो, आणि तापलो की बंद पडतो.

माझे भाग कुठून कुठून समुद्र ओलांडून आले आणि म्हापशातल्या एका दुकानात माझी जुळणी झाली. पहिली नोकरी लागली ती डिचोलीकडे, एका खाणीच्या ऑफिसात. खनिजाचा कुठला ट्रक कधी निघाला, कधी परतला, हे सगळं माझ्या पोटात. "ह्या यंत्राची चूक काढून दाखवा," असं साहेब आल्यागेल्याला सांगत, तेव्हा माझा पंखा जरा जोरातच फिरायचा. पुढे खाणी बंद पडल्या. ऑफिसला कुलूप लागलं, मला कपाटावर चढवलं गेलं. तांबडी धूळ पोटात साचली आणि एका पालीनं माझ्या पाठीमागे संसार थाटला. शेवटी सामान काढून टाकायची वेळ आली तेव्हा तिथले कारकून सगुण यांनी मला उचलून घरी आणलं.

सगुणरावांच्या पत्नी विमलाबाई. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. सारा गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. बाईंना नाटकं लिहायचा नाद. आमच्याकडे जत्रेला नाटक हवंच. देव पालखीतून फिरून आला की लोक चटया घेऊन मांडवात बसतात. पण नाटक असे ते पुरुषांचं. बायकांनी चटया आणायच्या. बायकांनाही नाटक करू द्या म्हणून बाईंनी देवस्थानच्या समितीकडे किती वर्षं तगादा लावला होता कोण जाणे! यंदा अखेर समिती म्हणाली, "बरं तर. पण पौष संपायच्या आत तालीम दाखवा. नाही जमलं तर पुरुषांचं जुनं ऐतिहासिक आहेच तयार." पुन्हा अशी संधी मिळणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, कारण त्या माझ्यासमोर बसून स्वतःशीच बोलत असत.

नेमका त्याच सुमारास मी आजारी पडलो. दुरुस्तीवाल्यानं मला बरं केलं, पण माझी पाटी कोरी करून टाकली. बाई ज्यात लिहायच्या ते जुनं सॉफ्टवेअर त्यात गेलं. तेव्हा बाईंची भाची गौरवी धावून आली. ती पेडण्याला नोकरी करते. ती म्हणाली, "मावशी, विकतचं कशाला? लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, 'ऑफिस' म्हणतात त्याला. सगळं त्यात असतं."

"फुकटाचा काय खरा नसता गो," सगुणराव आरामखुर्चीतून म्हणाले.

मित्रांनो, फुकट वस्तू घरात येते तेव्हा मानपान करून घेते. गौरवीनं मोबाइलचं इंटरनेट मला जोडलं. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त खिडकीच्या गजाला टेकवल्यावर. सॉफ्टवेअर मुंगीच्या पावलानं उतरत होतं. अगदी संपत आलं आणि शेजाऱ्यांची म्हैस ओरडली म्हणून सगुणरावांनी खिडकी ओढली. मोबाइल पडला, रेंज गेली, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सगळं उतरलं तेव्हा पडद्यावर सूचना आली की हे माझ्यासारख्या जुन्या यंत्रासाठी नाहीच. मला फार ओशाळल्यासारखं झालं. माझ्या वयाला साजेसं जुनं रूप शोधण्यात गौरवीचा पुढचा रविवार गेला, पण ते बसलं एकदाचं.

बाई लिहायला बसल्या आणि खरी गंमत सुरू झाली. बटणं जुन्या जागी नव्हती. 'डोंगर' लिहून त्यांनी खालच्या ओळीवर जायची कळ दाबली की शब्द आपोआप 'डोंगराच्या' होऊन बसे. ओळीला एक आकडा घातला की पुढचे आकडे न सांगता हजर. बंद करताना प्रश्न येई, कुठल्या प्रकारात ठेवू? बाई दर वेळी पहिलं बटण दाबत आणि "देवी सातेरी" म्हणत.

"माझ्या तोंडातलो घास काढून घेता हो!" त्या एकदा माझ्यावर ओरडल्या. "मी लिवतंय काय तू लिवतंस?"

मी काय सांगणार? मी नुसता पाट. ताटात वाढणारा वेगळा होता.

तरी नाटक पुरं झालं. एका घराचा काजूचा डोंगर, बाहेरचं गिऱ्हाईक आलंय, आणि घरात भांडण पेटलंय. बाईंच्या नाटकात सून म्हणते विकूया, आणि सासू म्हणते जीव गेला तरी विकणार नाही. तिसरा प्रवेश म्हणजे नाटकाचा जीव. सुरुवातीला सासूचं एक लांबलचक वाक्य, मग दोघींची चकमक, एकेका ओळीचे टोले. बाईंनी वहीत लिहायची सवय इथेही सोडली नाही. डावीकडच्या रकान्यात नावं, उजवीकडच्या रकान्यात वाक्यं, आणि समोरासमोर यावीत म्हणून नावांच्या मध्ये रिकाम्या ओळी सोडलेल्या.

गौरवीनं ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पेडण्याच्या बाजारात गुरुदासच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलं. त्याच्याकडे बाईंचा फॉन्ट नव्हता. त्याच्या संगणकानं आपला जाडा फॉन्ट लावला. सासूचं ते लांब वाक्य एक ओळ वाढलं आणि त्याच्याखालचं सगळं एक घर खाली सरकलं. नावं मात्र जागच्या जागी राहिली, म्हणजे एकीची ओळ दुसरीच्या नावासमोर.

हे कळलं कोणाला? कोणालाच नाही. कारण आमच्याकडे पूर्ण नाटक नटांच्या हातात देत नाहीत. प्रत्येकीला तिची नक्कल देतात. म्हणजे तिची तेवढी वाक्यं, आणि कधी बोलायचं ते कळावं म्हणून समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. बाईंचे डोळे दुखत होते, म्हणून नकला कापून चिकटवायचं काम गौरवीनं केलं. नाव पाहिलं, समोरची ओळ कापली. सासूचं काम मालतीकाकूंकडे होतं. त्या शेजारच्या, स्वतःचा काजूचा डोंगर असलेल्या. सुनेचं काम अंगणवाडीतल्या संजनाकडे. दोघींनी मन लावून पाठ केलं.

समितीला दाखवण्याआधीची, दोघींची एकत्र अशी पहिलीच तालीम घराच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या दगडी बाकांच्या सोप्यात झाली. दार उघडं होतं, मी सगळं पाहत होतो. तिसरा प्रवेश आला. लांब वाक्य संपलं. आणि संजना कडाडली, "डोंगर विकणार नाही!"

मालतीकाकू म्हणाल्या, "विकायचाच."

बाईंच्या हातातला कागद खाली आला. दोघी थांबेनात. टोले सुरूच होते, आणि सगळे उलटे. बाईंनी एकमेकींना हाक मारायला लावलीच नव्हती. भांडणात कोण हाक मारतं? त्यामुळे कुठे अडलंही नाही. मालतीकाकू शेवटच्या वाक्याला आल्या. "ह्या डोंगरानं मला काय दिलं? गुडघे घेतले. पहाटे उठून बोंडं मीच वेचायची, आणि अभिमान तुम्ही बाळगायचा!" बाईंनी ते सुनेसाठी लिहिलं होतं, रागानं म्हणायला. मालतीकाकूंनी ते हळू म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्या बाकावर बसल्या.

मग गौरवीनं नकला चाळल्या आणि कपाळाला हात लावला. "मावशी, चुकलं गं. फॉन्ट बदलला, ओळी सरकल्या. माझंच लक्ष नव्हतं. आता परत कधी छापायचं?" ती रडकुंडीला आली. समितीची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती.

"काकी, तुमका वाक्यां उरफाटी लागली नाय?" संजनानं मालतीकाकूंना विचारलं.

"माका वाटला बाईन यंदा नवा कायतरी केल्यान," मालतीकाकू पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "बाई, तुमी लिवलाला चुकीचा न्हय. पण माझ्या घरात हा असाच असा. विकूचा मी म्हणतंय. सून नाय म्हणता. डोंगर तिका व्हयो, पण चडतंय मीच."

बाईंना फार लागलं. मला ते दिसलं, कारण त्या उठून आत आल्या आणि माझ्यासमोर बसून स्वतःशी पुटपुटू लागल्या. म्हाताऱ्यांना शहाणं आणि तरुणांना हावरं करणं त्यांना सोपं गेलं होतं. मग त्यांनी रुमाल बाजूला केला, मला सुरू केलं आणि तो प्रवेश मुद्दाम उलटा लिहिला. ह्या खेपेला रकाने नाहीत. नाव, आणि त्याच्याच पुढे वाक्य. गौरवीनं वरच्या पट्टीतलं एक छोटं बटण दाखवलं. ते दाबलं की पान जसंच्या तसं गोठतं, मग कुठल्याही दुकानात छापा. ते बटण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं! बाई हसल्या. फुकटच्या सॉफ्टवेअरशी त्यांचा समेट त्या दिवशी झाला.

समितीनं मान डोलावली. जत्रेला नाटक झालं. मी मांडवात नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी बल्कांवात आलेल्या प्रत्येकीनं मला ते ऐकवलं. मालतीकाकू बाकावर बसल्या तेव्हा मांडवातल्या बायकांच्या हातात म्हणे पानसुपारी तशीच राहिली. त्यांची खरी सून अंकिता पुढच्याच चटईवर होती.

त्यानंतर काजूचा हंगाम आला. एके सकाळी मालतीकाकू बोंडांची टोपली घेऊन दारात उभ्या. "बाई, आज अंकिता इली गे माझ्यावांगडा डोंगरार. माझ्या हातातली टोपली घेतल्यान आणि फुडे चलाक लागली." एवढं सांगून त्या बोंडं ठेवून गेल्या. डोंगर विकायचा की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र अडलं की त्याच्या कुशीवर थपडा मारू नका. पडद्यावर काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा, पोटातली धूळ झटका, थोडी उसंत द्या. मी तापलो की पंखा तरी वाजतो, तुम्हाला कळतं. घरातल्या माणसाला तोही नसतो. म्हणून कधी नाटकाची वाट न बघता त्याच्या शेजारी बसा, आणि विचारा, "दमलंस काय गो?"